लुकड्या माणसाची शुगर

माझ्या बाबांचं वजन ४९ किलो आहे. उंची साडेपाच फूट. मूर्तिजापूर तालुक्यात तीन एकर कोरडवाहू शेती आणि हंगामात जिनिंगवर मजुरी. ते एका दिवसात जितकं चालतात, तितकं अमरावतीतल्या आमच्या रूमवरचे आम्ही चौघं मिळून आठवड्यात चालत नसू. बर्गर त्यांनी कधी खाल्लेला नाही. कोल्ड्रिंक कधीमधी, तेही लग्नात. आणि २०१० साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, गावातल्या एका शिबिरात त्यांच्या बोटाला सुई टोचली तेव्हा मशीनवर आकडा आला ३१२.

संध्याकाळपर्यंत ही बातमी पानठेल्यावर पोचली होती. तिथं एकच हशा. "अबे, तुले शुगर? तुह्या आंगावर मुंगी बसली तं तिलेच उपाशी राहा लागन!" दुसरा म्हणाला, "मशीन खराब असन. शुगर मोठ्या लोकायले होते." बाबासुद्धा हसले. त्यांनाही मशीन खराब असेल असंच वाटलं. पुढची दीड वर्षं त्यांनी काहीच केलं नाही.

मी तेव्हा शाळेत होतो. आज सव्वीस वर्षांचा आहे, राजापेठेत रूम करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. माझं वजन ५४ किलो, उंची पाच फूट आठ इंच. मागच्या वर्षी मित्रासोबत सहज रक्त तपासलं, तर उपाशीपोटीची शुगर १०९ आली. रिपोर्ट देणारा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुम्ही तर बारीक आहात. काही टेन्शन घेऊ नका."

मला टेन्शन त्या आकड्याचं आलं नाही. त्याच्या वाक्याचं आलं. पंधरा वर्षांपूर्वी पानठेल्यावर जे ज्ञान होतं, तेच आज लॅबच्या काउंटरवर होतं. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

पोटाचा फोटो

मधुमेहाचं कुठलंही पोस्टर आठवा. बसस्टँडवरचं, दवाखान्यातलं, रीलमधलं. त्यात एक सुटलेलं पोट असतं, त्याभोवती गुंडाळलेला टेप असतो, बाजूला जिलेबी किंवा पिझ्झा. अर्थ सरळ आहे: हा माणूस खातो फार, हलत नाही, म्हणून भोगतो.

या फोटोनं आपल्याकडे दोन प्रकारची माणसं मारली. एक, जी जाड आहेत. त्यांच्या आजाराला लाज चिकटली आणि लाजेपायी ती दवाखान्यात उशिरा गेली. दुसरी, माझ्या बाबांसारखी. ती फोटोत बसतच नाहीत, म्हणून त्यांना कुणी तपासलंच नाही.

आणि तपासलं तरी उपचार फोटोतल्या माणसाचाच मिळाला. बाबांना कुणीतरी सांगितलं, "खाण्यावर कंट्रोल ठेवा." ४९ किलोच्या माणसाला! मग आमच्या नात्यातल्या एका काकांनी फॅमिली ग्रुपवर कुठलंसं डाएट टाकलं. वजन उतरलं की शुगर जाते, गोळ्या सुटतात, असं. बाबांनी रात्रीचं जेवण बंद केलं. गोळी मात्र चालू होती, ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते. पोटात अन्न असो की नसो, ती आपलं काम करते.

तेव्हा कृषीपंपाला रात्रीची लाईन होती. पहाटे चारला बाबा शेजाऱ्याच्या हरभऱ्याला पाणी द्यायला गेले आणि धुऱ्यावर कोसळले. तालुक्याला नेलं तेव्हा शुगर ४१ होती. शेजारच्या माणसानं वाटेत तोंडात गूळ कोंबला म्हणून ते आज आहेत.

काकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचं वजन ९२ होतं आणि त्यांना त्या डाएटनं खरंच फरक पडला होता. चूक एवढीच की त्यांना वाटलं, शुगर म्हणजे एकच आजार आणि शरीर म्हणजे एकच शरीर.

पुण्याजवळची सहा गावं

लुकड्या माणसाला शुगर कशी होते, याचं उत्तर शोधायला अमेरिकेला जावं लागत नाही. ते पुण्यात शोधलं गेलं आहे.

केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबानं दोघंही अगदी नॉर्मल. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार. याला जगभर 'थिन-फॅट इंडियन' म्हणतात.

हे आपल्या खाण्यामुळे झालं, असं म्हणायला जागा होती. म्हणून याज्ञिकांच्या टीमचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. या शेतावर राबणाऱ्या बायका. गरोदर राहण्याआधी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं होती ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती: स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. फक्त एक गोष्ट त्या मानानं टिकून होती, कातडीखालची चरबी. अजून आईचं दूधही न प्यायलेलं बाळ 'बारीक पण चरबीदार' होतं. त्यानं कुठला पिझ्झा खाल्ला होता?

असं का होत असावं? पोटात वाढणाऱ्या बाळाला अन्न कमी पडलं तर ते वाटणी करतं. पहिला वाटा मेंदूला. स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी स्वादुपिंडात असतात. त्यांचं भांडवल तिथंच तोकडं पडतं. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूंत जाते, तेच कमी. जन्मभर कमीच खाल्लं, तर कदाचित हे शरीर निभावून नेईल. पण पुढे पोटभर भात-पोळी, साखरेचा चहा, बसून काम, यातलं थोडंसं जरी वाट्याला आलं तरी त्याची ताकद संपते. जाड माणसाला जे ओझं वीस-तीस किलो चढल्यावर होतं, ते याला चार किलोत होतं.

मग ती मुलं अठरा वर्षांची झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यांच्यातली ४८ टक्के मुलं-मुली कमी वजनाची होती, बीएमआय साडेअठराच्या खाली. आणि तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींमध्ये साखरेचं गणित बिघडायला सुरुवात झाली होती. ज्यांची पोटातली वाढ खुंटली होती आणि सहाव्या, बाराव्या वर्षीच ज्यांची उपाशीपोटीची साखर इतरांपेक्षा वर होती, त्यांना धोका जास्त होता.

हा परिच्छेद पुन्हा वाचा. अठरा वर्षांची, खेड्यातली, हडकुळी पोरं. आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात मधुमेहाची घरोघरी तपासणी सुरू होते वयाच्या तिसाव्या वर्षी.

आजीचं ताट

बाबांचा जन्म १९७३ चा. आजी गरोदर होती तेव्हा दुष्काळ होता. आजीला सन सांगता येत नाही, पण 'मिलो' आठवतो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. "ढोरं खात नोयती, आमी खाल्ली," म्हणते. खडी फोडायच्या कामावर जायची. घरी आल्यावर आधी सासरा, मग दीर, मग नवरा, मग पोरं. "सगळ्यायचं झाल्यावर मंग आपलं. उरलं तं उरलं, नाई तं पाणी पिऊन झोपो."

माझ्या बाबांची शुगर त्या उपासमारीतूनच आली, हे मी सिद्ध करू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत ते कुणालाच सिद्ध करता येत नाही. पण जीवशास्त्राची एक गोष्ट सांगतो, तिनं माझी झोप उडाली होती. बाईच्या शरीरातली सगळी बीजांडं ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे ज्या पेशीतून माझे बाबा झाले, ती पेशी माझ्या पणजीच्या पोटात तयार झाली होती. पणजी काय जेवली, किती जेवली, कुणाच्या मागून जेवली, हा प्रश्न माझ्या बाबांच्या रिपोर्टपर्यंत येऊन पोचतो.

आता दुधातली, अंड्यातली, मटणातली एक गोष्ट घ्या: बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतीत नसतं. पुण्याच्या त्या गावांतल्या साठ टक्क्यांहून जास्त गरोदर बायकांमध्ये ते कमी होतं. २००८ मध्ये याज्ञिकांच्या टीमनं दाखवलं की ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. त्याच मुला-मुलींना किशोरवयातच बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीचं आरोग्य सुधारतं का, हेही मग तिथं तपासायला घेतलं गेलं.

बी-१२ ची किंमत किती? एका अंड्याएवढी. कपभर दुधाएवढी. ज्या घरात दूध विकायचं असतं आणि अंडं चालत नसतं, किंवा चाललं तरी आधी पुरुषाच्या ताटात जातं, त्या घरात ते बाईला मिळत नाही. अकोल्याच्या बाजारात तुरीचे ढीग लागतात, दालमिलांचं शहर आहे ते. आणि तूर सोंगायला जाणाऱ्या बाईच्या वाटीत फोडणीचं पाणी असतं. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. त्यानं पोट भरतं, हे मोठंच काम आहे, मी नाकारत नाही. पण गहू-तांदळानं पोट भरणं आणि शरीर घडणं यात फरक आहे.

एकाच जिल्ह्यात दोन फायली

अमरावती जिल्ह्याचं नाव दर पावसाळ्यात बातम्यांत येतं ते मेळघाटामुळे. परतवाड्याहून घाट चढला की चिखलदरा आणि धारणी तालुके. १९९३ मध्ये तिथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. बैरागडला कोल्हे दांपत्य, उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्यासारखी माणसं तिथं आयुष्य घालवून बसली, म्हणून काही मुलं तरी जगली.

याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, मी राहतो त्या शहरात, चौकाचौकात डायबेटिस क्लिनिकचे बोर्ड आहेत. कुपोषण वर डोंगरात, मधुमेह खाली शहरात, असं आपण वाटून टाकलंय. सरकारनंही तसंच केलंय. कुपोषण बघतं महिला व बालविकास खातं, अंगणवाडीचं रजिस्टर. मधुमेह बघतं आरोग्य खातं, असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम. दोन खाती, दोन फायली. शरीर मात्र एकच आहे. मेळघाटात आज जगलेलं पावणेदोन किलोचं बाळ वीस वर्षांनी अमरावतीच्या एमआयडीसीत कामाला येणार आहे. तेव्हा त्याची शुगर वाढली तर त्याला कोण सांगणार की तुझी फाईल अंगणवाडीत उघडली होती?

जन्माचं वजन आणि मोठेपणीचा मधुमेह यांची सांगड पहिल्यांदा घातली गेली ती अशाच जुन्या रजिस्टरांतून. इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून सुईणी प्रत्येक बाळाचं वजन लिहून ठेवत. डॉ. डेव्हिड बार्कर यांनी ती रजिस्टरं शोधून काढली, त्यातली बाळं साठी उलटलेली माणसं झाली होती, त्यांना गाठून तपासलं. जन्मतः जी सगळ्यात हलकी, त्यांच्यात मधुमेह जास्त. १९९१-९२ मध्ये हे छापून आलं. आपल्या अंगणवाड्यांत अशी लाखो वजनं पडून आहेत. ती वाढत्या पोराच्या तपासणीशी जोडायला कुणाची हरकत आहे?

नाव दिलं, काढलं, पुन्हा दिलं

उपासमारीतून होणारा मधुमेह हा काही माझा शोध नाही. १९५५ मध्ये ह्यू-जोन्स नावाच्या डॉक्टरांनी जमैकात असे बारीक रुग्ण पाहून नोंदवले होते. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 'कुपोषणाशी संबंधित मधुमेह' असा वेगळा प्रकारच केला. १९९९ मध्ये तो यादीतून काढून टाकला. पुरावा पुरेसा नाही, असं कारण होतं. पुरावा नव्हता, कारण गरिबाच्या आजारावर संशोधन करायला पैसा कुणी देत नव्हता. नाव गेलं आणि उरलासुरला पैसाही गेला.

मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांनी हट्टानं काम चालू ठेवलं. २०२२ मध्ये त्यांच्या टीमनं दाखवलं की या रुग्णांत इन्सुलिन कमी बनणं ही मुख्य अडचण आहे. टाइप २ मध्ये असते तशी इन्सुलिनला दाद न देण्याची नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. जगात असे दोन ते अडीच कोटी लोक असावेत, असा अंदाज आहे.

माझे बाबा टाइप ५ चे आहेत की टाइप २ चे, हे मला माहीत नाही. ते ठरवणारी तपासणी त्यांची कधी झालीच नाही. पण त्या नावाचा अर्थ मला कळतो. या माणसाला 'कमी खा' सांगणं हा उपचार नाही. त्याला नीट, पोषक खायला मिळणं हा उपचाराचा भाग आहे, आणि औषधाचा डोस जपून ठरवावा लागतो, नाहीतर धुऱ्यावर पडायची वेळ येते.

"म्हणजे सगळं गर्भावर ढकलायचं?"

रूमवर हे बोललो की माझा रूममेट, जिम करणारा, म्हणतो, "भाऊ, हे म्हणजे जबाबदारी झटकणं झालं. आईच्या पोटात असं झालं, आता गिलावडा खातो, असं?"

त्याचा मुद्दा मी टाळणार नाही. शहरात वजनं वाढतायत, हे खरं आहे. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. हे सगळे काही उपाशी आयांची लेकरं नाहीत. ब्रिटनच्या 'डायरेक्ट' प्रयोगात, २०१८ मध्ये, वजन उतरवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची शुगर वर्षभरात गोळ्यांशिवाय आटोक्यात आली. डॉ. रॉय टेलर यांनी तर पुढे वीस नॉर्मल वजनाच्या रुग्णांवर हेच करून पाहिलं आणि चौदा जणांना फरक पडला. म्हणजे बारीक दिसणाऱ्यालाही यकृतातली चरबी उतरवून फायदा होऊ शकतो. पण त्या वीस जणांचा सरासरी बीएमआय पंचविसाच्या आसपास होता. माझ्या बाबांचा साडेसतरा आहे. ते काय उतरवणार?

आणि रूममेटच्या बोलण्यात एक लबाडी आहे, त्याच्याही नकळत. जबाबदारी म्हटली की ती फक्त रुग्णाचीच, असं तो धरून चालतो. ब्रिटनचंच दुसरं उदाहरण घ्या. महायुद्धात तिथं साखरेचं रेशनिंग होतं, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि साखर खाणं एकदम वाढलं. रेशनिंगच्या आधारानं आईच्या पोटात आणि पहिली दोन वर्षं ज्यांना कमी साखर मिळाली, त्यांच्यात पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघाला. २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. त्या बाळांनी कुठलाही संयम दाखवला नव्हता. त्यांच्या आयांनी रील पाहून साखर सोडली नव्हती. एका सरकारी कागदानं त्यांची आयुष्यं बदलली. सरकारी कागदात एवढी ताकद असते. म्हणूनच आपल्याकडचे कागद पाहू.

२०२५ चे चार महिने

जानेवारी. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकसहभागातून पैसा उभारावा, असं सांगितलं. मेळघाटातल्या शाळेनं लोकसहभाग कुणाकडून घ्यायचा?

फेब्रुवारी. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा प्रश्न काढला आणि तेल दहा टक्के कमी वापरा, असं आवाहन केलं. ज्यांच्या घरी तेल जास्त आहे, त्यांनी करावंच. पण ज्यांच्या कढईत तेल आधीच मोजून पडतं, त्यांच्यासाठी या आजाराबद्दल काय सांगितलं गेलं?

मार्च. माउंजारो हे इंजेक्शन भारतात आलं. पाच मिलिग्रॅमची एक कुपी तेव्हा ४,३७५ रुपयांची होती, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. औषध म्हणून ते नावाजण्यासारखंच आहे. वजन आणि शुगर दोन्ही उतरवतं. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंटही मार्च २०२६ पर्यंतचंच होतं, त्यामुळे स्वस्त इंजेक्शनं येणार हे तेव्हाच दिसत होतं. ज्यांना गरज आहे त्यांना ती मिळोत. माझी तक्रार औषधाशी नाही, गर्दीशी आहे. या औषधांच्या वजनाच्या मुख्य चाचण्यांतल्या माणसांचा सरासरी बीएमआय ३८ च्या घरात होता. भूक मारणारं औषध हेच मधुमेहाचं भविष्य, असं एकदा ठरलं की भुकेनंच आजारी झालेल्या माणसाचं काय, हे कोण विचारणार?

एप्रिल. बँकॉकमध्ये टाइप ५ ला नाव मिळालं. माझ्या फीडवर त्या महिन्यात इंजेक्शनच्या शंभर रील आल्या असतील. टाइप ५ वर एकही नाही.

अंडं थांबलं, तेलाचा उपदेश झाला, इंजेक्शन आलं, आणि ज्याच्यासाठी अंडं हवं होतं त्याच्या आजाराला नाव मिळालं. हे सगळं चार महिन्यांत. कुणाच्याही लक्षात आलं नाही की ही एकच गोष्ट आहे.

मला काय हवं आहे

पोषण आहारातलं अंडं परत हवं, सरकारी पैशानं. आणि जो अंडं खात नाही त्याला दूध. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. तिला मधुमेह प्रतिबंधाची योजना म्हणा, तसा पैसा द्या, आणि ती घाटाखाली, तूर सोंगणाऱ्या बाईपर्यंतही आणा. तपासणीचं वय तीसवरून खाली, कॉलेजच्या पोरांपर्यंत यायला हवं. कमी वजन हा धोक्याच्या यादीतला प्रश्न असायला हवा. मुलगी गरोदर राहिल्यावर गोळ्या वाटण्यापेक्षा ती चौदा-पंधरा वर्षांची असताना तिच्या ताटाकडे बघायला हवं.

आणि तुम्हाला, हे फोनवर वाचणाऱ्याला, तीन गोष्टी. घरात कुणाला शुगर असेल तर तुम्ही कितीही बारीक असा, वर्षातून एकदा उपाशीपोटीची शुगर तपासा. अमेरिकन निकषानं शंभर ते एकशे पंचवीस म्हणजे उंबरठा. एचबीएवनसीवर एकट्यावर विसंबू नका. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, अ‍ॅनिमिया घरोघरी आहे, आणि या दोन्हींमुळे तो आकडा फसवू शकतो. डॉक्टरांना तसं सांगा. तिसरी गोष्ट: घरातलं कुणी शुगरची गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला कुठलंही डाएट फॉरवर्ड करू नका. माझ्या काकांनी केलं होतं.

मी आता रोज सकाळी मालटेकडीपर्यंत चालतो, थोडा व्यायाम करतो, कारण साखर रिचवायला स्नायू लागतात आणि मला ते जन्मतःच कमी मिळाले असावेत. मेसमध्ये डाळ दोनदा मागतो. शेवटची शुगर १०२ आली. यात माझं कर्तृत्व फारसं नाही. मला वाचता येतं, शहरात लॅब आहे, दोन अंड्यांचे पैसे खिशात असतात.

दिवाळीत ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना होता, वजन ४७. आजी माळकरी, घरात कधी अंडं शिजलं नाही. मी मागच्या अंगणात चूल मांडून दोन अंडी उकडली तेव्हा आजी काहीच बोलली नाही, फक्त बघत राहिली. रात्री पंगत बसली. आईनं नेहमीसारखी बाबांच्या ताटाकडे परात नेली, तशी आजी खाटेवरून म्हणाली, "पयले पोरीले वाढ. मंग बाकीच्यायले." आईला वाटलं, बुढीला चूक ऐकू आलं असेल. तिनं पुन्हा विचारलं. आजीनं पुन्हा तेच सांगितलं.